मांडव उतरेपर्यंत

"का लिवलं आहे जी, भाऊ? वाचा न जरा!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावरचा काळा रंगही पुरता वाळला नव्हता. डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेतलेली एक नवी सून रस्त्याच्या कडेला उभी होती. ती बायाबाई. सायकल टेकवून तिला वाचून दाखवणारे पोस्टमन म्हणजे आनंदराव. आणि मित्रांनो, ज्याच्याकडे बघून ते वाचत होते तो मी, ग्रामपंचायतीचा लाकडी सूचनाफलक. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या लहानशा गावाच्या थांब्याजवळ मी बत्तीस वर्षं उभा राहिलो.

नाकाडोंगरीकडच्या सागाची मी फळी. रेशन, ग्रामसभा, पोलिओचा डोस, तलावाचा लिलाव, सारं माझ्या छातीवर पिठाच्या खळीनं चिकटलं. खळ बकऱ्यांनाही आवडे. एकदा एका बकरीनं अर्धी मतदारयादी फस्त केली, तेव्हा समोरचा पंक्चरवाला कैलाश ओरडला, "आता इलेही शाई लावून मत टाकू द्या!"

दर सव्वीस जानेवारीला मला नवा रंग मिळे. पाहुणे म्हणत, "गावाचा फलक कसा टापटीप आहे पाहा!" मी फुलून जात असे.

गावाची एक रीत होती. नवा कागद लागला की वाचता येणाऱ्यानं तो मोठ्यानं वाचायचा, म्हणजे न येणाऱ्यांना कळे. होता होता ते काम आनंदरावांचंच झालं. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी यायचे. रस्त्यापलीकडच्या दोन खोल्यांच्या घरातून बायाबाई टोपली घेऊन निघायची.

"भाऊ, तुमी चष्मा चढवला का मले भेवच वाटते."

"तुह्या टोपलीपेक्षा कमी वास मारते हा कागद."

"फुकटात मासोळी नेता तवा तं वास येत नाही!"

मग मोबाइल आले. सूचना लोकांच्या खिशात जाऊन बसल्या. माझा रंग उडाला, अंगावर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या पडल्या. बायाबाईचा फोन साधा, बटणांचा. तिच्यासाठी मी होतो, आणि आनंदराव होते.

यंदा रस्ता रुंद करायचं ठरलं. टेप घेऊन माणसं आली, भिंतींवर लाल खुणा करून गेली. काही दिवसांनी शिपायानं माझ्यावर एक यादी चिकटवली. रुंदीकरणात जाणाऱ्या घरांची ती यादी. काही नावांपुढे 'अतिक्रमण' लिहिलं होतं. जागेचा कागद असेल त्यानं तीस दिवसांत कचेरीत दाखवावा, त्याला दुसरी जागा मिळेल. नाही दाखवला तर घर पडेल आणि जागाही मिळणार नाही. अकरावं नाव बायाबाईचं होतं, आणि त्यापुढेही 'अतिक्रमण'च होतं. कागद तर तिच्या पेटीत होता! तिच्या सासऱ्याच्या नावचा तो गावठाणाचा कागद आनंदरावांनीच कधीकाळी तिला वाचून दाखवला होता.

पण त्याच सकाळी तिच्या दारी जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. आठ दिवसांनी लेकीचं, ममताचं लग्न. बाया गात होत्या:

हिरव्या मांडवाखाली हळदीचं ऊन,
लेक चालली, माय पाही उंबऱ्यावरून.

मांडव असलेल्या घरात वाईट शब्द नेऊ नये, तो उतरेपर्यंत थांबावं, असं आमच्याकडे मानतात. बायाबाई हळदीच्या हातांनी रस्ता ओलांडून आली.

"का लिवलं आहे जी?"

आनंदरावांनी दहा नावं वाचली. मग बारावं वाचलं.

"रस्त्याचं आहे, बाई. तू लगन कर."

त्यांनी मनात हिशेब केला. आजपासून तीस दिवस. लग्नानंतर पाचव्या दिवशी मांडव उतरेल, मग सांगू, वेळ पुष्कळ आहे. पण कागदाच्या माथ्यावरची तारीख वीस दिवसांपूर्वीची होती. तो कागद कुणाच्या तरी टेबलात झोपून आला होता. मुदतीचे दहाच दिवस उरले होते. जन्मभर टपालाचे शिक्के पाहिलेल्या माणसानं त्या दिवशी तेवढी एक तारीख पाहिली नाही. ती माझ्याच अंगावर होती, मित्रांनो, आणि मला बोट नाही.

कैलाशचंही नाव यादीत होतं; त्यानं ती मोबाइलवर वाचली, वेळेत कागद दाखवला. बायाबाईला तो काही बोलला नाही. मांडव होता, आणि आनंदराव सांगतीलच असं त्यानं धरलं. साऱ्यांनीच धरलं.

मांडव उतरला. आनंदराव कचेरीचं नाव उतरवून घ्यायला आले आणि त्यांची नजर त्या तारखेवर पडली. ते खाली बसले. बायाबाईनं लग्नाची बुंदी आणून त्यांच्या हातावर ठेवली. ती खाऊन ते उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून ते हा रस्ता टाळून शेताच्या बांधानं जाऊ लागले.

मित्रांनो, माझ्यावर कागद लागला म्हणजे गावाला कळलं, असं मीही बत्तीस वर्षं समजत होतो. आता वाटतं, ज्याचं नाव असेल त्याच्या दारी जा. त्याच दिवशी जा. मांडव असला तरी जा. मला नवा रंग देऊ नका, पण एवढं करा.

काल जेसीबी आला. आधी मला उपटलं आणि बायाबाईच्या पायरीला टेकवून ठेवलं. ती दारात आडवी उभी राहिली. जेसीबीबरोबर आलेले साहेब तरुण होते, आवाजही मऊ होता. "आजी, यादी लावली होती. तीस दिवस दिले होते."

"लावली असन, साहेब. पर आमचे भाऊ सारं वाचतेत. माहं नाव असतं तं त्यायनं मले सांगतलं असतं. इचारा त्यायले!"

गर्दी मागं वळली. आनंदराव कडेला उभे होते. ते पुढे आले. चष्मा काढून त्यांनी हातात धरला.

"नाव होतं, बाई. अकरावं. मी वाचलं अन् तुले सांगतलं नाही."