पट्ट्याचं तिसरं भोक

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची. माझी उजवी जोडीदारीण झिजून कचऱ्यात गेली, तेव्हापासून मी पलंगाखाली एकटीच असते.

चपला शिवणाऱ्या काकांनी मला घडवलं. पट्ट्याला बक्कल आणि चार भोकं. एका शिक्षिकेनं मला विकत घेतलं. तिसरं भोक तिच्या पायाला अगदी बरोबर बसायचं. मी तिच्याबरोबर शाळेत जायचे, तशीच दवाखान्यातही. रोगांशी लढायचं बळ तिच्या रक्तात जन्मापासूनच कमी होतं. तिच्या मावशीलाही तेच होतं. कधी छाती भरायची, कधी कान वाहायचा. साधी सर्दीसुद्धा पाहुणी म्हणून यायची आणि मुक्काम ठोकायची. अंग दुखलं की ती आपल्या मनानंच गोळी घ्यायची. विचारपूस करायला घरात कोणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलायची.

एके वर्षी मी तिच्या पायात रुतू लागले. तिनं पट्टा सैल करून दुसऱ्या भोकात आणला, मग पहिल्या. "आटलीस का गं?" ती म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार वाईट वाटलं.

शेवटी ती काकांकडे गेली. "काका, अजून एक भोक पाडून द्या. चप्पल आटलीय."

काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "ताई, चामडं वापरून सैल पडतं, आटत नाही. जरा घोट्यावर बोट दाबून बघा."

तिनं दाबलं. खळगा पडला, तो लवकर भरेना.

"भोक पाडत नाही मी. आधी डॉक्टरांकडे जा."

तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सारख्या होणाऱ्या जंतुसंसर्गानं मूत्रपिंडं दुखावलीत. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. त्या दुखण्याच्या गोळ्याही मूत्रपिंडांना घातक, त्या आजपासून बंद. इतके दिवस का थांबलात?"

"मला वाटलं, चप्पलच..." एवढं बोलून ती रडली.

औषधांनी सूज उतरली. आता ती मऊ बूट घालते. माझा रस्ता सुटला. पण रोज सकाळी ती मला बाहेर काढते आणि पट्टा तिसऱ्या भोकात घालून बघते. "बसलीस गं," म्हणते, की मी परत पलंगाखाली. दिवसभरात तेवढीच मला सोबत. तिलाही तेवढीच.

आज तिसरं भोक लागलं नाही. तिनं लगेच दवाखान्यात फोन लावला आणि बोलणं संपेपर्यंत मला हातात घट्ट धरून ठेवलं. दुसऱ्या कोणाचा हात धरणार होती?

मित्रांनो, तुमच्या घरातलं माणूस आजारपणाला कितीही सरावलेलं असो, त्याच्या पायांकडे बघत जा. ते काम चपलेवर सोडू नका.