बुंध्यावरची छाप

तपासनीस बाईंनी बुंध्यावरचा भुसा फुंकून उडवला आणि छाप बोटाने चाचपली.

"आहे," म्हणत त्यांनी कागदावर खूण केली.

मागे त्याच्या वनखात्याच्या साहेबांशेजारी वनरक्षक दातओठ खात उभा होता.

नियम साधा. तोडायच्या झाडाला आधी मुळाशी सरकारी हातोड्याची छाप मारायची, म्हणजे झाड गेलं तरी बुंध्यावर परवानगी दिसत राहते. इथे सगळं उलटं झालं होतं. ओढ्याकाठची एकसष्ट जुनी झाडं साहेबांनी परवानगीवाचून पाडली आणि परवा वनरक्षकाला बुंध्यांवर छापा मारायला लावलं. 'जंगल नीट राखलंय' असं प्रमाणपत्र बाईंच्या संस्थेने दिलं की हे सरकारी लाकूड बाहेरच्या बाजारात मानाने जाणार होतं. मानाने! कुंपणानेच शेत खायचं आणि वर शाबासकीही घ्यायची!

निवृत्तीला सात महिने उरले होते. "आता शेवटी शेवटी कशाला वाकड्यात शिरता?" बायको म्हणाली होती. त्याने मुकाट्याने एकसष्ट घाव घातले, आणि तेव्हापासून तो घरात कुणाशी धड बोलला नव्हता.

"तुम्ही काय सांगाल, काका?" बाईंनी त्याला विचारलं.

उत्तर साहेबांनीच दिलं. "यांना काय विचारता, मॅडम! तीस वर्षं याच जंगलात आहेत. यांनी छाप मारली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात वापरले ते वापरले, आता तीस वर्षांची अब्रूही वापरतोय हा माणूस!

"बाई, खाली बसून नीट बघा. उभ्या झाडाला छाप मारली की जखमेतून डिंक येतो. इथे थेंब तरी दिसतोय का?"

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. लाकूड कोरडं ठणठणीत होतं.

"ऊन लागलंय यांना," साहेब हसत पुढे आले. "अहो, चला, सावलीत बसा जरा."

"हात लावू नका मला!" तो ओरडला. "पाडलेल्या झाडांना छापा मारल्यात मी. परवा. एकसष्टच्या एकसष्ट. चला ओढ्याकाठाने वर, एकेक दाखवतो."

बाईंनी कागदावरची खूण खोडली.

"लेखी द्याल? छापा तुम्ही मारल्यात. आधी तुम्हीच अडकाल."

साहेब आता हसत नव्हते.

"पहिलं नाव माझंच घाला," तो म्हणाला. "दुसरं कुणाचं, ते सांगतो."