सुकाण कोणाच्या हातात होतं

माझा दादा, भागोजी, तापाने गेला आणि रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्याच्या तोंडाला कुलूप लागलं. नाव निघालं तर मनूवहिनी रडेल, म्हणून बायका बोंबलाचं बोलायच्या, बाजाराचं बोलायच्या, दादा सोडून सगळं बोलायच्या. वहिनी रडली नाहीच. बोलेनाशी झाली, पेजेचा घोटही घेईना. ही दादामागोमाग जाणार, हे मला दिसत होतं आणि माझं डोकं फिरत होतं.

आमच्यात नारळी पौर्णिमेला होडीचा नारळ सुकाण धरणारा तांडेल वाहतो. आदल्या संध्याकाळी ओटीवर दादाच्या होडीचा विषय निघाला आणि वहिनीकडे बघून सगळ्यांनी तो गिळला. मला राहवलं नाही. मी दादाची गोष्टच काढली. शेजारच्या सोनाबाईने चिमटा काढला, पण मी कसली थांबते! आईकडून ऐकली तशी सांगितली. लग्नाच्या वर्षी दादा वहिनीला मुरूडहून होडीने आणत होता, वादळ उठलं, शिडाची काठी पडून त्याचा खांदा निखळला.

"तरी माझ्या वाघानं येका हातानं सुकाण धरून होडी खाडीत घातली!"

"न्हाय."

वहिनी बोलली होती.

"येका हातानं त्यो पानी उपसत व्हता. सुकाण माझ्या हातात व्हतं, ठमे. कोर्लईचा डोंगर उजव्या हाताला ठेव, येवढंच सांगितलं त्यानं. हात सोलले, पन सोडलं न्हाय."

"मग आमाला कंदी सांगितलं न्हाय ते?"

"तुजी आय मला परत होडीत बसू देती व्हय? मला मातर दर पुनवेला सांगायचा. म्हनायचा, माझ्या होडीवर दोन तांडेल हायेत."

एवढं बोलून ती हंबरडा फोडून रडली. मग डोळे पुसत त्याच्या आणखी गोष्टी सांगत बसली, मध्येच हसलीसुद्धा. सांगता सांगता वाडगाभर पेज प्यायली. मला इतका अभिमान वाटला, की भाऊ माझा की वहिनी माझी, तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मी नारळ वहिनीच्या हातात ठेवला. म्हातारे कोंडाजी तांडेल पुढे आले. "बाईमानूस? त्यातून..." पुढचा शब्द त्यांनी आवरला.

"सुकाण धरनारा वाहतो ना? हिनं भर वादळात धरलंय," मी म्हणाले.

कोंडाजी बाजूला सरले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "नारळ कुनाच्या होडीचा?"

नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात न घेतलेली माझी वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भागोजी तांडेलाच्या होडीचा. आन माझ्या."