एक्केचाळिसावा नट

मला राग आला की मी भांडी घासते. दादाने गाडी विकायची ठरवली त्या दिवशी घरात घासायला एकही भांडं उरलं नाही, म्हणून मी गाडीची टाकी घासायला काढली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तो एकोणीस. शिक्षण सोडून तो गॅरेजमध्ये कामाला लागला आणि मला शिकवलं. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. तिथे त्याचा एकच नियम होता: गाडीत बारीकसाही खडखडाट असेल, तर ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. आणि त्याची स्वतःची चारचाकी गाडी, बत्तीस वर्षांपूर्वी जुनीच घेतलेली, प्रत्येक वळणावर मागून ‘टक्’ करायची. मी म्हणायचे, दिव्याखाली अंधार. तो म्हणायचा, गाडी तुला नावं ठेवतेय.

अडीच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, पण उजवा हात काही मनावर घेईना. दाबायला म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, तो याने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. मी माझं औषधांचं दुकान सांभाळून त्याच्याकडे राहायला आले. आम्ही दोघंही नाकावर माशी बसू न देणारे, त्यामुळे घरात शांतता अशी नव्हतीच. पण एक दिवस तो शांतपणे म्हणाला, वकीलसाहेब गाडी मागतायत, एक तारखेला येऊन घेऊन जातील. वकीलसाहेब जुन्या गाड्या जमवतात. त्या शांतपणानेच मला धडकी भरली. गाडीला कोणी बोट लावलं तरी डोळे वटारणारा हा माणूस. त्याला गाडी विकायची नव्हती, त्याला हाताचा नाद सोडून द्यायचा होता. गाडी गेली की हा खुर्चीतून उठायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, तुझ्या झटक्यापासून बंद पडलेली गाडी ओढून नेणार का ते? तुझ्या नावाला बट्टा लागेल, निदान चालू करून दे. नावाचा विषय निघाला की तो गप्प बसतो. तसा बसला. माझ्या हातात तीन आठवडे होते.

टाकी मी एकटीने उतरवली. शाळेचा सगळा अभ्यास मी गॅरेजच्या बाकावर बसून केलाय, पाना कुठे लावायचा ते मला कळतं. जुनं पेट्रोल काढलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. आत बॅटरी मारून बघितलं तर नुसता गंज, पापुद्रेच्या पापुद्रे. मागच्या अंगणात साबणाच्या पाण्याने टाकी चार वेळा धुतली, दादाच्या डब्यातले चाळीस लोखंडी नट आत टाकले, भोकं बुचांनी बंद केली आणि जुन्या गोधडीत गुंडाळून टाकी हलवायला लागले. आत नट फिरले की गंज खरवडला जातो. आवाज असा की शेजारीण गच्चीतून वाकून बघून गेली.

दादा खिडकीत बसून होता. अर्धा तास त्याने कळ काढली. मग म्हणाला, “लोखंडी घातलेस? पितळी घालायचे. पितळेची ठिणगी उडत नाही.”

मी म्हटलं, आधी धुतलीय. तो म्हणाला, मग चालेल. किती घातलेस? मी म्हटलं, चाळीस, मोजून. तो ‘हं’ म्हणाला आणि काठी घेऊन अंगणात आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मी त्या पिळाच्याच भरवशावर बसले होते.

त्यानंतर टाकीत व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं. आतून पत्रा चांदीसारखा निघाला. संध्याकाळी टाकी तशीच ओली ठेवून मी दुकानात गेले आणि सकाळी मोठ्या तोऱ्यात दादाला बोलावलं. आत बघतो तर सगळीकडे नारिंगी गंज. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तो मला वाट्टेल ते बोलला. औषधं विकतेस, ओलं लोखंड हवेत गंजतं एवढं कळत नाही? शेवटचं पाणी उकळतं घ्यायचं, म्हणजे पत्रा तापतो आणि लगेच सुकतो, वरून केस वाळवायच्या यंत्राने वारा घालायचा. मी निमूट ऐकून घेतलं. इतका आनंद मला कोणाच्या शिव्या खाऊन कधी झाला नव्हता.

पुन्हा नट, पुन्हा व्हिनेगर, पुन्हा सोडा. या खेपेला टाकी कलती धरून नट काढायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. डाव्या हातात डबा धरलेला, म्हणून उजव्याला हलावंच लागलं. अंगठा आणि एका बोटाने तो एकेक नट उचलून डब्यात टाकत होता. दहा नट होईपर्यंत त्याला घाम फुटला. मी दुसरीकडे बघून उकळत्या पाण्याचं निमित्त केलं, कारण मला रडू येत होतं. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

मी टाकी सरळ करायला गेले, तर आतल्या आडव्या पत्र्यामागून ‘टक्’ झालं. पुन्हा कलती केली. एक नट घरंगळत बाहेर आला. पितळी होता.

मी विचारलं, हा कुठला? मग दादाने सांगितलं. गाडी घेऊन आठवडा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी माझी फार्मसीची प्रवेश परीक्षा होती, दोन तासांच्या अंतरावर. गाडी आचके द्यायला लागली, कारण टाकीत गंज होता. त्याने गॅरेज बंद ठेवून दिवसभर टाकी साफ केली. पंचवीस पितळी नट घातले आणि चोवीस निघाले.

“अजून तासभर हलवली असती तर निघाला असता,” तो म्हणाला. “पण तुझा पेपर दहाला होता.”

परीक्षेचा दिवस मला आठवत होता. त्याच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता, नखं काळी होती, आणि मी त्याला कॉलेजच्या फाटकापासून शंभर पावलं अलीकडेच थांबायला लावलं होतं. बरोबरच्या मुलींनी बघू नये म्हणून. तो काही न बोलता थांबला होता. आणि पुढे बत्तीस वर्षं मी त्या ‘टक्’वरून त्याला चिडवत आले.

मी त्याचा उजवा हात धरला आणि म्हटलं, “दादा, माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे झालं. हे मी कधी बोलले नाही.”

“आज बोललीस ना? आता पाणी ओत,” तो म्हणाला. “परत गंजेल.”

टाकी सुकली, आतून लेप दिला, तो वाळायला पाच दिवस गेले. मग टाकी चढवली. पितळी नट त्याच्या खिडकीत पडून होता, येताजाता तो त्याच्याशी बोटांनी चाळा करायचा. गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली. एक तारीख मात्र त्याने बदलली नाही, आणि ती सकाळ उजाडली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

वकीलसाहेब आले आणि एक फेरी मारू म्हणाले. मी चालवायला बसले, दादा शेजारी, ते मागे. इंजिन ऐकून ते खूश झाले. गाडी पहिल्या वळणावर आली.

टक्.

आवाज मागून नव्हता, माझ्या गुडघ्याजवळून आला होता. मी खाली बघितलं. ॲशट्रे उघडा होता आणि त्यात पितळी नट होता.

दादा समोर रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, “वकीलसाहेब, ऐकलंत? असा आवाज असलेली गाडी मी गिऱ्हाइकाला देत नाही.”

वकीलसाहेबांनी विचारलं, मग दुरुस्त होऊन कधी मिळेल?

“सांगता येत नाही,” दादा म्हणाला. “मागचा आवाज सापडायला बत्तीस वर्षं लागली.”

आणि उजव्या हाताने त्याने ॲशट्रे आत ढकलला.