धुरीबाबाच्या झोळीतला खवीस

पुलाच्या तोंडाशी ही गर्दी! सिदू धनगराची मेंढरं पुलावर पाऊल टाकायला तयार नव्हती. हाकलली की बावरून मागं फिरत. नदीच्या खोल घळीवर सरकारनं नवा उंच पूल बांधला, पण त्यावर सत्ता धुरीबाबाची. उदाच्या धुरात उभा राहून तो गरजत होता, "पुलाच्या पोटात खवीस बसलाय! बारा वर्सं हिमालयात एका पायावर उभा ऱ्हाऊन मी त्याचं नाव काडलंय!" हिमालयातून ह्या घळीतला खवीस कसा दिसला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

कडेला विधवा अंबुबाई दात आवळून उभी होती. खवीस बांधायचा म्हणून बाबा दर कळपामागं एक मेंढा घ्यायचा; मागं तिनं तो द्यायचं नाकारून आपली मेंढरांची खांड तशीच पुलावर घातली होती. मधोमध पुढचा मेंढा बिथरला आणि बुटक्या कठड्यावरून थेट घळीत गेला. मेंढरांची जातच तशी. पुढचं जिकडं, मागचं तिकडं. डोळ्यांदेखत सारी खांड गेली. वर बाबानं पंचांना सांगितलं, "पांढऱ्या पायाची बाई हाय. तिच्यामुळं खवीस खवळला." तेव्हापासून तिला कुणी शेजारी चूल मांडू देईना. ह्या बाबाचं तोंड काळं केल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं ठरवलं.

ती त्याच्या खोपटावर पाळत ठेवून राहिली. दानात मिळालेले मेंढे तिथं दाव्याला ताण देत, चाऱ्याला तोंड लावत नसत. बाबा झोळी घेऊन बाहेर पडला की तेच मेंढे मुकाट खायला लागत. अंबुबाईला आणखी काय पाहिजे होतं?

आज सिदूनं मेंढा दिला. "डोळं मिटा! बघंल त्याचं डोळं जातील!" बाबा ओरडला. सगळ्यांनी मिटले, अंबुबाईनं नाही. बाबानं कठड्याखालच्या भोकात हात घातला, काहीतरी झोळीत कोंबलं आणि परतून म्हणाला, "बांधला खवीस!"

अंबुबाई आडवी आली. "मग झोळी घिऊन मेंढरांत चाला की."

"दूर हो! बाईनं शिवायचं न्हाय."

ती शिवलीच. हिसडा देऊन झोळी ओढली आणि मेंढरांपुढं उपडी केली. लांडग्याचं कातडं! मेंढरं उधळली ती थेट रानात.

"ह्यो तुमचा खवीस! भोकात कातडं कोंबायचा. मेंढराला त्याचा वास लांबनं येतो; तुमच्या नाकाला कळू नये म्हनून ऊद! त्या दिशी ह्यानं ते मधोमध कोंबलं, न् माजी खांड गेली."

सिदूनं बाबाला मानगुटीला धरून कठड्याशी ओढलं. "ढकला!" लोक ओरडले. सकाळी हेच त्याच्या पाया पडत होते. अंबुबाईच्या हातालाही शिवशिव सुटली होती, खोटं कशाला सांगू?

"ढकलू नगा," ती म्हणाली. "मेला तर उद्या ह्याच्याच नावाचा खवीस हितं बसवाल, न् मेंढं कापाल. मला जिता पायजे. ह्याच्या अंगावर त्येच कातडं घाला, मोडनिंब, करकंब, समद्या बाजारांतनं हिंडवा. मग फौजदाराच्या हवाली करा."

तसंच झालं. मेंढरं पळाली, माणसं हसली. अंबुबाई मागनं चालत एकेक शिवी मनापासून देत होती. सिदू तिच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्यालाही झिडकारलं, "त्याच्या पडलास, आता माज्या? जरा उभा ऱ्हायला शिक की."

बाबांनो, जी झोळी उघडायची मनाई असते, तीच आधी उघडा. आत देव असला तर तो पळून जाणार नाही. आणि लबाडी असली तर निदान तुमची खांड वाचेल.