लंगड्या टेबलाचे चार पाय

मी टेबल बोलतोय. पॅरिसचं, राजाच्या काळातलं, महोगनीचं. काठाला पितळी पट्टी आणि पाय बाणासारखे सरळ. माझ्याआधीची टेबलं वाकड्या पायांची असायची, त्यांना मी फार हसायचो. देवाने ऐकलं असणार.

मला घडवलं आंब्रुआझ मिस्त्रीनं. सुतारांच्या पंचायतीने त्याला नुकताच स्वतःच्या नावाचा ठसा दिला होता, आणि त्या ठशाचा मी पहिलाच मानकरी. ठसा म्हणजे त्याचं सगळं. तो गेला तर पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारी.

पंचायतीची माणसं दुकानात तपासायला आली. त्यांनी मला दाबलं, ढकललं. मी ढिम्म. माझ्या पोटाखाली मिस्त्रीच्या नावाशेजारी त्यांनी आपलीही खूण मारली. मी असा फुगलो की विचारू नका.

आठ दिवसांत फुगा फुटला. ज्या बाईंच्या दिवाणखान्यात गेलो, तिथे पहिल्याच दिवशी पाहुण्या धर्मगुरूंच्या मांडीवर मी गरम चॉकलेट सांडलं. मी डुगडुगत होतो!

बाईंचा कारभारी मला हातगाडीवर घालून परत घेऊन आला.

"काय मिस्त्री, टेबल केलंस की झोपाळा?"

आंब्रुआझनं मला माझ्या जुन्या जागी ठेवलं. मी पुन्हा ढिम्म.

"बघा की! कुठे हलतंय?"

"मग दुकानच पाठव बाईंकडे! उद्या संध्याकाळपर्यंत सरळ झालं नाही, तर पंचायतीला कळवतो. मग बस ठशाने अक्रोड फोडत."

कारभारी गेला. आंब्रुआझ माझ्यावर डोकं टेकून बसला. मला वाटलं, हाच मला आता चुलीत घालणार.

त्याची बायको पेरेत कोपऱ्यात तीन महिन्यांच्या पोरीला जमिनीवरच्या डुलत्या पाळण्यात झोके देत होती. तिला रात्रंदिवस एकच घोर, पोर पडेल. ती हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावू नका."

"सांग. आता रागवायचंही त्राण नाही."

"टेबल आहे ना, तिथेच मी आधी पाळणा ठेवायची. तो सारखा एका बाजूला कलायचा. खाली पाचर ठेवली तरी जीव थाऱ्यावर नसायचा, म्हणून इकडे हलवला. तिथली फरशी खचलीय हो."

आंब्रुआझ गुडघ्यावर बसला, हात फिरवला. खळगा! मला तिथेच उभं करून घडवलेलं, म्हणून माझा चौथा पाय त्या खळग्याच्या मापाने लांब झाला होता.

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणता ना, बायकांनी कामात तोंड घालू नये."

त्यानं करवत उचलली. मग म्हणाला, "सपाट जमीन आणू कुठून?"

"चर्चमध्ये आहे की. तिथे गुडघे टेकते ना मी रोज."

सकाळी दोघं मला उचलून चर्चमध्ये घेऊन गेले. पोर पेरेतच्या पाठीला बांधलेली. पाद्रीबाबा म्हणाले, "कुणाचा बाप्तिस्मा? पोरीचा की टेबलाचा?"

आंब्रुआझनं चौथा पाय कापला. जास्त कापला. मग दुसरा, मग तिसरा. माकडानं लोणी वाटावं तसं चाललं होतं! शेवटी पेरेतनं करवतच काढून घेतली. "पुरे! नाहीतर पाट होईल त्याचा."

मी दोन बोटं बुटका झालो, पण हललो नाही. संध्याकाळी बाईंनी माझ्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही. ठसा वाचला.

बाईंकडे निघण्याआधी आंब्रुआझनं मला उलटं केलं होतं. बायकोच्या नावाचा ठसा पंचायतीत चालत नाही. म्हणून त्यानं शिसपेन्सिलीनं आपल्या ठशाखाली लिहिलं, 'पेरेत म्हणाली म्हणून.'

आज मी संग्रहालयात असतो, दोरीच्या आत. जवळच्या पाटीवर लिहिलंय की माझे आखूड पाय ही कारागिराची मुद्दाम साधलेली नजाकत. मी ऐकून घेतो. पेरेत कोण, यावरही विद्वानांनी पानं भरलीत. बहुतेक कुणी सरदारीण असावी म्हणे.

तेवढं मात्र माझ्यानं ऐकवत नाही. माझी फुशारकी खोटी ठरली तर ठरू दे. पण कधी आलात, तर वाकून माझ्या पोटाखाली बघा. आणि शेजारच्याला सांगा, ती सरदारीण नव्हती, मिस्त्रीची बायको होती. तिचं लक्ष पाळण्याकडे होतं.