मेनोच्या बारमधली पुराची रेघ

न्यू एम्डेन गावात खोटं कुणी बोलत नाही, फार तर आकडा थोडा वाढवून सांगतात. मक्याचं पीक, मारलेल्या हरणाची शिंगं, शहरातल्या पोराचा पगार, सगळ्याला ही सूट आहे. त्यामुळे मेनो फोल्कर्ट्सने आपल्या बारच्या भिंतीवर त्र्याण्णवच्या पुराची रेघ ओढली, तेव्हा त्यात काही पाप आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

झालं होतं असं. त्या वर्षी टर्की फोर्क नदी गावात शिरली आणि मेनोच्या बारमध्ये घोट्याएवढं पाणी आलं. हो, घोट्याएवढंच! त्याच्या बायकोने, आर्डिसने, ते एका सकाळीत पोछा मारून बाहेर काढलं. पण नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या ग्रोटन गावात पाणी कमरेपर्यंत चढलं, तिथल्या पोस्टाच्या भिंतीवर कुणीतरी रेघ मारली, आणि वर्तमानपत्रवाले येऊन तिचा फोटो काढून गेले. न्यू एम्डेनकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. ग्रोटनवाल्यांनी मिरवायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं? मेनोला ते झोंबलं. भिंत रंगवायला काढलीच होती. त्याने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि काउंटरच्या चार बोटं वर, ऐन पोटाच्या उंचीवर, रेघ ओढून खाली वर्ष घातलं.

पहिली काही वर्षं लोक रेघेकडे बघून डोळा मारायचे. मग डोळा मारणं बंद झालं. पुढे पुढे तर गावच्या धान्यकोठाराचा मॅनेजर बर्डेट आयलर्स पाहुण्यांना सांगू लागला, "याच दारातून पोहत आत आलो होतो मी. काउंटर हाताला लागला म्हणून वाचलो!" बर्डेटला पोहता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. तरी अख्खं गाव माना डोलवायचं.

आता मेनो सत्तरीला टेकला होता. दोघं बारच्या वरच राहायची आणि आर्डिसच्या गुडघ्यांना तो जिना सोसवेनासा झाला होता. शहरातलं एक तरुण जोडपं येत्या उन्हाळ्यात बार विकत घ्यायला तयार होतं. ते पैसे आले की दवाखान्याजवळ एक बैठं घर घ्यायचं, असं ठरलेलं. त्या घराचा फोटो आर्डिसने फ्रिजवर चिकटवला होता. हा बार सोडला तर दोघांच्या नावावर दुसरं काही नव्हतं.

त्या हिवाळ्यात, पुराचा धोका कुठल्या घरांना ते दाखवणारा परगण्याचा नवा नकाशा आला. आर्डिसच्या बहिणीची मुलगी ट्वायला विमा विकायची. तिने चर्चच्या तळघरात सभा घेतली. कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, म्हणून गर्दीही होती.

"घराच्या विम्यात पूर येत नाही," ट्वायला म्हणाली. "त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर महिन्याने लागू होतो. पाणी पायरीशी आल्यावर मला फोन करू नका. आणि नकाशावर लिहिलेला शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा नव्हे हं! दर वर्षी शंभरात एक शक्यता. दर वर्षी फासे नव्याने पडतात."

"पण पोरी, एकदा पडून गेले ना त्र्याण्णव साली!" बर्डेट वडी चघळत म्हणाला. "म्हणजे पुढचा पूर दोन हजार त्र्याण्णवला. तोवर मी टेकडीवरच्या दफनभूमीत असेन. तिथं पाणी चढत नाही."

सगळे खो खो हसले. आता गंमत बघा, ही माणसं रोज सकाळी कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरवणारी. काल हरलो म्हणून आज हरणार नाही, असं त्यांच्यातला एकही कधी म्हणाला नव्हता. पण नदीपुढे सगळ्यांचं गणित कच्चं.

ट्वायलाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून रोएल्फ अब्बास उठला. शेतातलं पाणी काढायला जमिनीखालून नळ्या टाकायचा त्याचा धंदा. उतार मापायचं लेझरचं यंत्र कायम त्याच्या गाडीत असायचं.

"नकाशा राहू दे बाजूला," तो म्हणाला. "मेनोची रेघ आहे ना! मी यंत्र तिच्या उंचीला लावतो. मग कळेल कुणाच्या घरात पाणी कुठवर येतं ते."

दुपारी यंत्र बारच्या दारात उभं राहिलं आणि अर्धं गाव रोएल्फच्या मागून घरोघर फिरलं. जिथं यंत्राची उंची लागेल तिथं रोएल्फ भिंतीवर नारिंगी फीत चिकटवायचा. बर्डेटच्या घरात फीत जेवणाच्या टेबलाच्या वर लागली.

"अरे देवा, आईचं कपाट!" बर्डेट ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

आठवडाभरात निम्मं गाव ट्वायलाच्या दारात. जे सरकारी नकाशाला जमलं नाही, ते मेनोच्या ब्रशने करून दाखवलं. मेनोची छाती फुगली. बारमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "पाण्याशी खेळ नको बाबा. मी बघितलंय."

आर्डिसला हे ऐकवेना. "आता तरी खरं सांग त्यांना," ती म्हणाली. "मी पोछा मारलाय तिथं. पोटाएवढं पाणी कुणी पोछ्याने काढतं का?"

"अगं, विमाच घेताहेत ना, विष तर नाही!"

"मग आपणही घेऊ या."

"आपण?" मेनो पोट धरून हसला. "वेडी की काय तू? ती रेघ मी काढलीये! पाणी कुठवर येतं ते मला नाही तर कुणाला माहीत?"

ट्वायलानेही त्याला एकट्याला गाठून विचारलं. "काका, तुमचं काय? बँकेचं कर्ज नाही, म्हणून कुणी सक्ती करणार नाही तुमच्यावर. पण घ्या ना!"

"तुझा काका या पाण्याला ओळखून आहे," मेनोने डोळा मारला.

मार्च उजाडला. जमीन अजून दगडासारखी गोठलेली, वर सगळं बर्फ वितळलेलं, त्यात दोन दिवस पाऊस, आणि रेल्वेच्या पुलापाशी बर्फाच्या लाद्या अडकून नदी तुंबली. अग्निशमन केंद्रापुढे गाव वाळूची पोती भरायला जमलं, चर्चच्या बायकांनी हॅम सँडविचं आणली. बर्डेटने आईचं कपाट, सोफा, भिंतीवरची हरणाची शिंगंसुद्धा फितीच्या वर चढवली. सगळ्या गावाने तेच केलं.

मेनोने खुर्च्या टेबलांवर ठेवल्या आणि दाराच्या फटीला एक टॉवेल लावला.

"फ्रीझर आणि कॅश मशीन तरी ट्रॅक्टरवर टाकू," रोएल्फ दारातून ओरडला.

"राहू दे रे, तू तुझं बघ!"

सकाळी पाणी आत आलं तेव्हा दोघं जिन्यात उभी होती. घोट्याएवढं झालं. "बस्स, एवढंच," मेनो म्हणाला. गुडघ्याएवढं झालं, तो एक पायरी वर सरकला. मग फ्रीझर आडवा होऊन तरंगू लागला, टेबलं उलटली, मागच्या भिंतीच्या फळ्या कडकड उखडल्या. काउंटर बुडाला. पाणी काळ्या रेघेच्या खालच्या कडेला टेकलं आणि तिथं थांबलं.

"अभिनंदन," आर्डिस म्हणाली. "तुझा शब्द खरा झाला."

मेनोला रडू आवरलं नाही. फ्रीझर गेला, बार गेला, त्याचं दुःख होतंच. पण गावाला त्याने सावध केलं होतं आणि स्वतःला मात्र नाही, ही लाज त्याहून मोठी होती.

पाणी ओसरल्यावर शहरातल्या जोडप्याचा फोन आला. फार वाईट वाटलं म्हणाले, आणि बार नको म्हणाले. आर्डिसने फ्रिजवरचा घराचा फोटो काढून खणात ठेवला.

मग रविवारी चर्च सुटल्यावर गावच्या गाव बारमध्ये आलं. चिखलात बूट रुतत होते. कुणी सफरचंदाचा केक आणला होता, बर्डेटने मेनोच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या रेघेने गाव वाचवलं, लेका! आईच्या कपाटाला ओरखडा नाही, आणि घराचा सगळा खर्च विमा देतोय."

"काका, तुमचे कागद आणा, मी लगेच पुढचं बघते," ट्वायला म्हणाली.

मेनोने मान खाली घातली. "कागद नाहीत. विमा घेतला नाही मी."

"अरे, आम्हाला घ्यायला लावलास आणि स्वतः...?" बर्डेटने विचारलं.

"त्र्याण्णवला घोट्याएवढंच पाणी आलं होतं," मेनो एकदाचं बोलून गेला. "रेघ मी उगाच काढली. ग्रोटनवाल्यांवर जळून."

मग बर्डेट लालबुंद झाला. "काहीतरी बरळू नकोस! मला खोटं पाडतोस? अरे, मी पोहत आलो होतो याच दारातून!"

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," रोएल्फ हळूच म्हणाला. "बसवा त्याला. केक द्या थोडा."

सगळ्यांनी मेनोला समजावलं, केक खाऊ घातला, आणि पाणी पोटापर्यंतच आलं होतं, तेव्हाही आणि आताही, असं पुन्हापुन्हा सांगितलं. ट्वायलाने एकदा मावशीकडे बघितलं. आर्डिसने कोपऱ्यातल्या पोछ्याकडे बघितलं.

लोक गेले. आर्डिस जिन्याच्या खालच्या पायरीवर गुडघे चोळत बसली होती.

"ब्रश सापडतोय का बघ," ती म्हणाली. "नवी रेघ काढ."

"काढतो. जुन्या रेघेच्या बरोबरच येईल."

"नाही, वीतभर वर काढ."

"अगं, पण पाणी तर इथवरच—"

"ठाऊक आहे मला. पण या खेपेला विमाही घेऊ, आणि तिच्यावर आपण दोघंही विश्वास ठेवू."

आणि कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, ती वर निघाली.